पुलाखालची तार

शुक्रवारी गॅस कटरवाले येणार होते आणि बुधवारी गिऱ्हाईक. म्हणजे जे काय व्हायचं ते बुधवारीच, हे विमानांच्या त्या संग्रहालयात झाडूवाल्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण बुधवारी काय होऊन बसेल, हे एकटीलाच ठाऊक होतं, आणि ती सकाळी सातपासून एका लोखंडी पुलाखाली उताणी पडली होती, हातात पक्कड घेऊन.

तिला सगळे मावशी म्हणत. खरी मावशी ती व्यवस्थापकाची. तो लहानपणी चिमणीएवढा होता म्हणून ती त्याला चिमण म्हणायची. आता तो दारातून वाकून आत येतो, पोट आधी येतं आणि चिमण मागून, पण नाव काही सुटलं नाही. त्याने मावशी म्हटलं म्हणून इतरांनीही म्हटलं. एकतीस वर्षं ती या मशिनांची मेकॅनिक. आधी वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात, आणि मशिनं निवृत्त होऊन संग्रहालयात आली तशी त्यांच्या पाठोपाठ इथे.

मशिनं म्हणजे सिम्युलेटर, जमिनीवरची विमानं. बाहेरून पाहिलं तर पत्र्याची खोली, आत हुबेहूब वैमानिकाची केबिन, आणि खाली तेलाच्या दाबावर हलणारे सहा जाडजूड पाय. माणसं आत बसून पडायला शिकतात, म्हणजे वर गेल्यावर पडत नाहीत. संग्रहालयात अशी तीन होती. पण हॉल रिकामा करायचा हुकूम आला आणि तिन्ही विकायला निघाली. एक व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानात गेलं. दुसऱ्याच्या सुट्ट्या भागांना गिऱ्हाईक मिळालं, खुर्ची एकाकडे, काच दुसऱ्याकडे. उरली ती सगळ्यांत मोठी, तिला सगळे हत्तीण म्हणत. तिला एका वैमानिक शाळेने मागणी घातली होती. पसंत पडली तर शाळेत जाईल, तिच्यावर पोरं शिकतील. नाही पडली तर शुक्रवारी तिचे तुकडे. मावशीला हत्तीण जगायला हवी होती. स्वतःच्या गुडघ्यांसाठी तिने कधी डॉक्टर गाठला नाही, पण हत्तिणीचा तिसरा पाय दुखरा आहे म्हणून तिला ती इतक्या हळू खाली टेकवायची, की आत बसलेल्याला पत्ता लागू नये.

आता ती पुलाखाली काय करत होती ते सांगतो. मशिनच्या दारापाशी जायला एक लोखंडी पूल असतो, माणूस जाईल एवढाच. त्याचं एक टोक कट्ट्याला बिजागरीने जोडलेलं, दुसरं मशिनच्या उंबऱ्यावर टेकलेलं. माणसं आत गेली की दार लावायचं, पूल उचलून उभा करायचा, मगच मशिन हलवायचं. कुणी विसरू नये म्हणून पुलाखाली एका डबीत बटण असतं. पूल खाली असला की ते बटण मशिनला हलूच देत नाही. साधी गोष्ट, पण जीव वाचवणारी.

हत्तिणीचं ते बटण एकोणीस वर्षांपूर्वी मेलं. बाहेर शंभर माणसं रांगेत उभी, मशिन हलायला तयार नाही, आणि तसलं बटण बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. मावशीने डबी उघडली, वीतभर लाल तार घेतली आणि बटणाची दोन टोकं सरळ जोडून टाकली. मशिनला वाटलं, पूल वर आहे. कायमच वर आहे. संध्याकाळी नीट बघू, तात्पुरतं आहे, असं ती स्वतःशीच म्हणाली. आता तात्पुरतं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मोडक्या खुर्चीखाली वीट लावलेली आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

पण मावशी बेफिकीर नव्हती हो. बटण गेलं तर तिने स्वतःला बटण केलं. पूल उचलला की ती मशिनच्या पोटाखाली जायची आणि लाकडी हातोडीने तीन ठोके द्यायची. ठक, ठक, ठक. म्हणजे पूल वर, बाहेर कुणी नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. आतला माणूस पायाने एकदा धप्प करायचा, म्हणजे आम्ही बसलोय. मगच मशिन चालू. पंपाच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, पण ठोका पायाला जाणवतो. पुढे नवे लोक आले, त्यांनाही हेच शिकवलं गेलं. का, ते कुणी विचारलं नाही. हळूहळू तो इथला रिवाजच होऊन बसला.

चूक तारेची नव्हती, खरं सांगायचं तर. चूक सहीची होती. दर वर्षी तपासणीचा कागद यायचा आणि चौदाव्या ओळीत छापलेलं असायचं: पूल खाली असताना मशिन हलत नाही, करून पाहिले. मावशी तिथे 'ठीक' लिहून सही करायची. पहिल्या वर्षी तिने ती ओळ तीनदा वाचली. दुसऱ्या वर्षी एकदाच. पाचव्या वर्षी ती ओळ तिने वाचलीसुद्धा नाही. एकोणीस सह्या.

आणि आता पुलाखाली पक्कड तारेला लागली होती. तोडावी, तर मशिन हलणार नाही, शाळावाले आल्या पावली परत जातील, आणि शुक्रवार. न तोडावी, तर हे मशिन उद्या अशा लोकांकडे जाईल ज्यांना तीन ठोके माहीत नाहीत. तिने स्वतःची समजूत घातली: मशिन एकदा तिकडे पोचू दे, मी मागोमाग जाईन, नवं बटण बसवून देईन, चहा पिऊन परत येईन. कुणाला कळणारही नाही. पक्कड खिशात गेली. डबीचं झाकण लागलं. उठताना तिचं डोकं पुलाच्या कडेला आपटलं, आणि मला विचाराल तर त्याने जरा जास्तच लागायला हवं होतं.

दहाला शाळेची मंडळी आली. दोघंच. एक शाळेच्या प्रमुख बाई, बोलायला मोकळ्या, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघणाऱ्या. दुसरा त्यांचा इंजिनिअर, हडकुळा, कानावर पेन्सिल, हातात संग्रहालयाचा सही झालेला तपासणीचा कागद. चिमण त्यांच्यापुढे नुसता फुलून गेला होता. हत्तिणीची तो इतकी तारीफ करत होता की मुलगी दाखवायला बसलाय असं वाटावं. इंजिनिअर ऐकून घेत होता आणि कागदावरून बोट खाली सरकवत होता.

ओळ पहिली, तेलाची पातळी. ओळ दुसरी, नळ्या. मावशी त्याच्या बोटाकडे बघत होती. आजवर आलेले तपासनीस पाचसहा ओळी बघायचे, मावशीची सही बघायचे आणि उरलेल्या ओळींवर एकदमच बरोबरची खूण ओढायचे. हा बाबा तसला नव्हता. सातव्या ओळीला त्याने गुडघे टेकून विजेरी मारली. नवव्या ओळीला पट्टीने माप घेतलं.  मधेच त्याने विचारलं, साहेब मघाशी तीन ठोक्यांचं काय ते म्हणाले, कागदात तर कुठे दिसत नाही? चोराच्या मनात चांदणं. आमची जुनी सवय आहे, ती म्हणाली. चिमण हसून म्हणाला की इथे मावशीने ठोकल्याशिवाय पान हलत नाही.

इंजिनिअर चौदाव्या ओळीवर आला. पूल खाली ठेवून मशिन सुरू करून बघू, म्हणाला, हलायला नको. मावशी तयारच होती. पंप गरम व्हायला वेळ लागतो, आधी बाईंना फेरी मारून आणू, मग बघू, असं तिने सांगितलं. आवाज स्वतःचा वाटला नाही तिला. इंजिनिअरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण बाईंनाच फेरीची घाई झाली होती, म्हणून तो कागद घडी करून मागून चढला.

सगळं रीतसर झालं. दार लागलं, पूल उभा राहिला, तीन ठोके, एक धप्प. पंप गरजायला लागला, सगळ्यांनी कानांवर टोप्या चढवल्या, आणि हत्तीण उठली. काय उठली म्हणून सांगू! तिसऱ्या पायाने हूं की चूं केलं नाही. डावीकडे कलली, उजवीकडे कलली, नाक खाली घालून उतरली. मावशी दहा पावलांवर पंपाच्या फळ्यापाशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वीस मिनिटांनी मशिन हळूच खाली टेकलं, पूल खाली आला, दार उघडलं. बाई उतरल्या त्या गालात हसतच. खाली येऊन त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरले. ओठांवरून कळत होतं: घेणार, घेणार.

सुटले, असं मावशीला वाटलं. माणसाला असं वाटलं ना, की समजावं घोडं पुढे पेंड खाणार आहे.

इंजिनिअर अजून आतच होता. चिमण पुलावर उभा राहून दारातून त्याच्याशी बोलत होता. काय बोलला ते नंतर कळलं. इंजिनिअर म्हणत होता, चौदावी ओळ राहिली. चिमण म्हणत होता, अहो साहेब, इथली सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, पण तुमच्या मनात शंका नको, आत्ता करून दाखवतो. तुम्ही आत बसा, मी दार लावतो आणि कट्ट्यावर जातो. ठोके दिले की आतलं चालू करायचं बटण दाबा. काही होणार नाही.

मावशीला दिसलं ते एवढंच, की चिमणने दार लावलं. ती पंप बंद करायला हात पुढे करत होती, तर त्याने खूण केली, राहू दे. आणि तो कट्ट्यावर गेला नाही. कशाला जाईल? मावशीची सही होती. तो पुलाच्या मधोमध उभा राहिला, खाली उभ्या असलेल्या बाईंकडे बघून हसला, आणि बघा हं, अशा थाटात त्याने मूठ उचलली.

मावशीने ती मूठ पत्र्यावर पडताना पाहिली. एक. तिला वाटलं, गंमत करतोय. दोन. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ती ओरडली, पण त्या आवाजात ओरडणं म्हणजे विहिरीत कुजबुजणं. तीन.

फळ्यावर तळहाताएवढं लाल बटण होतं. ते दाबलं की सगळा दाब एका झटक्यात उतरतो. नव्या मशिनला काही होत नाही. पण हत्तीण वर उठत असताना ते दाबलं तर तिसरा पाय जाणार, हे मावशीला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि अडला. किती वेळ अडला? श्वास घ्यायला लागतो त्याहून कमी. पण अडला.

हत्तीण वीतभर उठली. उंबऱ्यावरचं पुलाचं टोक तिच्याबरोबर वर गेलं, मग सटकलं, आणि पूल तिरपा झाला. चिमणचा एक हात कठड्याला, पाय हवेत, आणि खाली मशिनचा पाय आत-बाहेर होत होता, ज्यात माणूस सापडला तर चोथा होतो.

मावशीने बटण दाबलं, तेही असं, की हाताची कातडी सोलवटली.

आवाज झाला तो हॉलबाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला म्हणतात. हत्तीण धाडकन बसली. तिसऱ्या पायातून तेलाचा फवारा छताला लागला आणि पाय मधून वाकला. चिमण पुलावरून घसरला तो कट्ट्याच्या कडेला अडकला, मनगट मोडलं, पण बाकी सगळा धड होता. पंप थांबला. इतकी शांतता झाली की तेल ठिबकताना ऐकू येत होतं.

इंजिनिअर बाहेर आला. पांढराफटक. त्याने आधी चिमणला धरून खाली आणलं, बसवलं, त्याचा हात स्वतःच्या रुमालाने बांधला. मग पुलाखाली गेला, डबी उघडली, आणि बाहेर आला तो वीतभर लाल तार बोटांत धरून. कागद उलगडला.

"ही सही कुणाची?" त्याने विचारलं.

चिमणने मावशीकडे बघितलं. नाही म्हण, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एखाद्या जुन्या मेकॅनिकचं नाव घे, तो कुठे यायचाय विचारायला. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, हे त्या वेड्याला कुणी सांगावं?

"माझी," मावशी म्हणाली. "तारही माझीच. एकोणीस वर्षं."

बाई सरळ गाडीकडे निघाल्या. गाडीत बसताना एकदा मागे वळल्या, पण त्या मावशीकडे नव्हत्या बघत, हत्तिणीकडे बघत होत्या. चिमणला दवाखान्यात कुणी न्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मावशी पुढे झाली. तो म्हणाला, "नको. तू नको." आणि झाडूवाल्याबरोबर गेला. जन्मापासून त्याने तिला कशाला नको म्हटलं नव्हतं. ती तिथेच तेलात बसली आणि रडली. लाज, भीती, राग, जे काय होतं ते सगळं बाहेर पडेपर्यंत रडली.

गुरुवारी तो कामावर आला नाही, फोनही उचलला नाही. तिच्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, उचलला आणि एवढंच सांगितलं की तो झोपलाय. दुपारी बारा वाजता कोण झोपतं, हे मावशीने विचारलं नाही.

शुक्रवारी कटरवाले आले. चार माणसं, सिलिंडर, नळ्या, आणि एक मुकादम, ज्याला संध्याकाळपर्यंत आणखी एक काम उरकायचं होतं. आधी पाय कापायचे, खोली आपटून पडली की मग पत्रा, असा त्याचा हिशेब. चष्मे चढले, ज्योत पेटली. मुकादमाने मावशीपुढे कागद धरला. मशिन रिकामं आहे, आत कुणी नाही, म्हणून इथे सही. तुम्हीच त्या मेकॅनिकबाई ना? करा लवकर.

मावशीने पेन घेतलं. हॉल सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोर होता, कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. निदान तिला तरी दिसलं नव्हतं. आत कोण असणार? पेनाचं टोक कागदाला लागलं. एकोणीस वेळा हेच केलं होतं, विसावी सही तर हत्तिणीच्या मरणाचीच होती, काय फरक पडतो?

तिने पेन खाली ठेवलं.

"दोन मिनिटं," ती म्हणाली. मुकादम कुरकुरला. तिने हातोडी घेतली, वाकड्या पायाला वळसा घालून ती मशिनच्या पोटाखाली गेली आणि तीन ठोके दिले. ठक, ठक, ठक. कटरवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, म्हातारीचं डोकं फिरलंय असं.

आतून धप्प झालं. एकदाच.

ज्योत विझली. कुणी विझवली ते कुणालाच नंतर आठवेना. मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. मावशी कट्ट्यावर कशी चढली, तिलाच माहीत नाही, त्या गुडघ्यांनी. दार ओढलं तर आत वैमानिकाच्या खुर्चीत चिमण बसलेला, प्लास्टरचा हात मांडीवर, दाढी वाढलेली. पहाटेच मागच्या दाराने आला होता. लहानपणी मावशी त्याला याच खुर्चीत बसवून जेवू घालायची. शेवटचं बसावं म्हणून बसला, आणि दोन रात्रींची झोप तिथेच लागली.

मावशीच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो शिवीच होऊन फुटला. मग म्हणाली, "गाढवा, बाहेर कापायला सुरुवात करत होते. एवढा आवाज आला नाही तुला?"

"आला," चिमण म्हणाला. "त्यानेच तर जाग आली."

"मग उठून बाहेर का नाही आलास?"

"तू अजून ठोकलं नव्हतंस ना."

ती दाराला धरून उभी राहिली. बुधवारी आपला हात बटणापाशी अडला होता, ते तिने तेव्हा त्याला सांगितलं. मशिनसाठी अडला होता, हेही सांगितलं. चिमणने आपल्या प्लास्टरकडे बघितलं. मग चांगला हात पुढे करून म्हणाला, उठव मला, पाय आखडलेत. तिने त्याला उठवलं. तो तिच्या खांद्यावर भार टाकून तिरप्या झालेल्या पुलावरून बाहेर आला.

मुकादमाने कागद पुन्हा पुढे केला. आता तरी कराल ना सही, म्हणाला, निघाला की एकदाचा आतला माणूस.

मावशीने त्याच्याकडून विजेरी मागून घेतली आणि ती पुन्हा आत गेली. दोन्ही खुर्च्यांखाली पाहिलं, मागच्या कपाटात पाहिलं, खाली उतरून पुलाखाली पाहिलं. सहाही पायांभोवती चक्कर मारली. चिमण कट्ट्याच्या पायरीवर बसून बघत होता.

मग तिने सही केली.